नकाशावरचा एकच हिरवा रंग: पर्जन्यवनांच्या हद्दी आखणाऱ्या नियोजकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

मी नकाशे करते. उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलाची हद्द काढायची, तिच्या आत रंग भरायचा, नदी, डोंगर, रस्ता यांचे थर एकावर एक बसवायचे, हे माझं रोजचं काम. तुमच्या बैठकीत भिंतीवर जो नकाशा लागतो, ज्यावर बोट ठेवून "एवढा भाग राखू, तेवढा सोडू" असं ठरतं, तो माझ्यासारख्याच कुणीतरी केलेला असतो. त्या नकाशातला एक रंग गेली काही वर्षं मला स्वस्थ बसू देत नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचं ओलं, दाट, सदाहरित जंगल आम्ही सरसकट एकाच हिरव्या रंगात दाखवतो. तुम्हाला वाटतं, हिरवं आहे तोवर आतल्या प्राण्यांना सगळीकडे सारखंच. माकडांच्या बाबतीत हे किती खोटं आहे, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

विनंती काय आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना संभ्रम राहणार नाही. जंगलाची हद्द आखण्याआधी तिथल्या माकडांच्या टोळ्यांमागे पूर्ण वर्षभर माणसं फिरली पाहिजेत. वर्षातल्या सगळ्यात हलाखीच्या महिन्यात त्या टोळ्या जिथे जाऊन पोट भरतात, ती जागा हद्दीच्या आत आली पाहिजे. ती जागा बहुतेक वेळा देखणी नसते. दलदल असते, वेलींची जाळी असते, नदीकाठचा चिंचोळा पट्टा असतो. म्हणूनच ती पहिल्यांदा सोडून दिली जाते.

एक गोष्ट माझ्याकडून घडलेली आहे. एका प्रकल्पासाठी माझ्याकडे पाहणीचा अहवाल आला. पाहणी अकरा दिवसांची होती आणि ती झाडं फळांनी लदलेली असताना झाली होती. साहजिकच सगळी माकडं उंचवट्यावरच्या जंगलात दिसली आणि खालच्या दलदलीत एकही दिसलं नाही. अहवालात दलदलीपुढे "कमी महत्त्वाचा भाग" असा शेरा होता. मी तिथे पिवळा रंग भरला आणि नकाशा पाठवून दिला. उरलेल्या साडेअकरा महिन्यांत ती माकडं कुठे असतात, हे विचारण्याचं मला सुचलं नाही. विचारलं असतं, तर निदान त्या शेऱ्यापुढे प्रश्नचिन्ह तरी आलं असतं. ही चूक माझी आहे, आणि ती पुन्हा कुणाकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर मी जमेल तेवढं वाचलं, आणि जिथे जाता आलं तिथे जाऊन पाहिलं. बोर्निओ बेटाच्या ईशान्येला, मलेशियाच्या सबाह राज्यात, किनाबातांगान नदी आहे. तिच्या एका अरुंद उपनदीत संध्याकाळी होडीचं इंजिन बंद करून आम्ही बसलो होतो. आधी आतून फांद्या मोडल्यासारखा आवाज आला. मग काठावरच्या एका झाडाचा शेंडा एकदम खाली वाकला, आणि तांबूस पाठीची, पोट सुटलेली एक मादी त्यावर येऊन आदळली. तिच्या छातीला पिल्लू चिकटलेलं होतं. लांबनाक्या माकडांच्या, म्हणजे प्रोबोसिस माकडांच्या पिल्लाचं तोंड निळसर काळं असतं, त्यामुळे उतरत्या उजेडातही ते ओळखू आलं. तिच्यामागून एकेक करत बाकीच्या माद्या आल्या. सगळ्यात शेवटी मोठा नर आला. हनुवटीच्या खाली लोंबणारं नाक, आणि त्या नाकातून भोंग्यासारखा आवाज. अर्ध्या तासात पाण्यावर झुकलेली चार-पाच झाडं भरून गेली. अंधार पडला तेव्हा सगळी गप्प झाली होती.

ही माकडं रोज संध्याकाळी नदीवर का येतात? रात्री झोपताना एक बाजू पाण्याची असली, तर त्या बाजूने क्लाउडेड लेपर्ड, म्हणजे तिथलं झाडावर चढणारं बिबट्यासारखं मोठं मांजर, येऊ शकत नाही. तसाच प्रसंग आला तर पाण्यात उडी टाकता येते; त्यांच्या पायाच्या बोटांमध्ये थोडा पडदा असतो आणि त्यांना चांगलं पोहता येतं. पण पाण्यात मगरी आहेत, म्हणून ओलांडायचं झालं तर नदी अरुंद असेल तिथूनच ओलांडतात. सकाळ झाली की टोळी पुन्हा आत जाते, कोवळी पानं आणि कच्ची फळं शोधत. याच किनाबातांगानच्या उपनदीवर एका टोळीमागे महिनोन्‌महिने फिरलेल्या संशोधकांना ती काठापासून साधारण 800 मीटर आतपर्यंत जाताना आढळली.

आता नकाशाच्या बाजूने पाहा. होडीतून मोजणी करणं सोपं, म्हणून ती संध्याकाळी होडीतूनच होते. काठावर भरपूर माकडं दिसतात. मग कुणीही म्हणेल, काठाचा पट्टा राखला की झालं. हा काठ म्हणजे त्यांचं झोपण्याचं ठिकाण. दिवसाचं जेवण आत आहे. किनाबातांगानच्या खोऱ्यात नदीलगत जंगलाची झालर आणि तिच्यामागे लगेच तेलताडाच्या ओळी, असं दृश्य मैलोन्‌मैल दिसतं. 2005 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा ते सुमारे 26,000 हेक्टरांचं आणि दहा तुकड्यांत होतं, कारण मधलं बरंच जंगल आधीच गेलं होतं. जे उरलं ते वाचवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण ज्या खोऱ्यांत अजून निवड करता येते, तिथे तरी झोपायची जागा राखून जेवायची जागा सोडून देऊ नका.

दिवसाच्या फेरीची ही गोष्ट झाली. वर्षाची फेरी यापेक्षा मोठी असते, आणि ती पाहायची तर अॅमेझॉनला जावं लागतं.

अॅमेझॉनच्या खोऱ्यात एकाला एक लागून निरनिराळी जंगलं आहेत. विमानातून ती सारखी दिसतात, आणि माझ्या संगणकावरही बराच काळ सारखीच दिसत होती. अँडीज पर्वतातून येणाऱ्या गढूळ नद्या दरवर्षी काठ सोडून पसरतात आणि सुपीक गाळ टाकून जातात. त्या पुराखाली येणाऱ्या जंगलाला तिथे वार्झेआ म्हणतात. काळ्या, स्वच्छ, पण कसदार नसलेल्या पाण्याच्या नद्यांकाठी जे जंगल बुडतं ते इगापो. आणि जिथे पूर कधीच पोहोचत नाही ते उंचवट्यावरचं जंगल म्हणजे तेर्रा फिर्मे. काही भागांत पाणी वर्षाकाठी 10 मीटरच्याही वर चढतं. म्हणजे ज्या खोडाला टेकून उन्हाळ्यात माणूस बसतो, त्याच खोडाच्या निम्म्या उंचीवरून पावसाळ्यानंतर होडी जाते.

गाळामुळे वार्झेआतली पानंफळं कसदार असतात. हाऊलर माकडं, जी पानांवर निभावून नेतात, तिथे दाट वस्तीने राहतात. एका चौरस किलोमीटरमधल्या माकडांचं एकूण वजन काढलं तर वार्झेआ पुढे जातं. पण जाती मोजल्या तर तेर्रा फिर्मे पुढे जातं. मग यातलं चांगलं जंगल कोणतं? तुमच्या तक्त्यांत प्रत्येक तुकड्याला गुण देण्याची पद्धत असते, म्हणून विचारते. वुली माकडांसारख्या जाती या दोन्ही जंगलांमध्ये ये-जा करतात. एकीकडची फळं संपत आली की दुसरीकडे, आणि पुन्हा मागे. त्यांचं घर ही दोन्ही जंगलं मिळून होतं. एकाला नऊ गुण आणि दुसऱ्याला पाच देऊन पाचवालं सोडलं, की नऊवाल्यातली माकडंही वर्षातले काही महिने उपाशी.

उआकारी नावाचं माकड याच भागातलं. डोक्यावर केस नाहीत, चेहरा लालभडक, शेपूट आखूड. त्याचे सुळे आणि जबडा कठीण कवचाची कच्ची फळं फोडायला बनलेले आहेत. खाण्याचा मोठा हिस्सा म्हणजे आतल्या बिया. पाणी वर असतं तेव्हा ही माकडं बुडालेल्या जंगलाच्या शेंड्यांवरून फिरतात. पाणी उतरलं, की तीच माकडं चक्क जमिनीवर येतात आणि चिखलात पडलेल्या बिया, नुकते फुटलेले कोंब वेचत बसतात. एकच जागा, एकच टोळी. पण काही महिने ती माकडं तीस मीटर उंचीवर आणि काही महिने मातीवर. ज्याने फक्त एकदाच पाहिलं, त्याला यातलं अर्धंच कळणार.

ब्राझीलमध्ये जोझे मार्सिओ आयरेस या संशोधकांनी 1980 च्या दशकात पांढऱ्या, म्हणजे पांढरट केसांच्या उआकारीचा माग काढला, आणि त्यातूनच मामिराउआ इथलं पुराचं जंगल राखण्याची मागणी पुढे आली. 1990 मध्ये ते संरक्षित झालं आणि 1996 मध्ये तिथल्या वस्त्यांना बरोबर घेऊन चालणारं राखीव क्षेत्र बनलं. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला त्याच्या पुढची जास्त महत्त्वाची वाटते. 1998 मध्ये शेजारचं अमाना हे क्षेत्र राखीव झालं, ज्यात उंचवट्यावरचं कोरडं जंगल मोठ्या प्रमाणात आहे. अमानाच्या पलीकडे 1980 पासूनचं जाउ राष्ट्रीय उद्यान होतंच, काळ्या पाण्याच्या नद्यांचं. तिन्ही मिळून 50 लाख हेक्टरांच्या वर सलग जंगल झालं, आणि गाळाचं, काळ्या पाण्याचं, कोरड्या मातीचं अशी तिन्ही जंगलं एकमेकांना जोडली गेली. म्हणजे मी जे मागते आहे ते जमतं. एकदा जमलेलं आहे.

आता हलाखीच्या महिन्याबद्दल. पर्जन्यवनात बारा महिने फळं लटकलेली असतात हा समज कुठून आला, कोण जाणे. तिथेही टंचाई असते, फक्त पानं हिरवी राहतात म्हणून ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

पनामा कालवा बांधताना नदी अडवली, पाणी चढलं आणि 1914 च्या सुमारास एका टेकडीचं बेट झालं: बारो कोलोराडो. तिथल्या हाऊलर माकडांचा अभ्यास 1930 च्या दशकापासून चालू आहे. 1970 मध्ये तिथे कोरड्या ऋतूत अवेळी पाऊस झाला, झाडांचा फुलण्याचा हिशेब बिघडला आणि वर्षाच्या शेवटी फळं आलीच नाहीत. फळांवर जगणारे प्राणी उपाशी मेले. जंगलातून चालताना मेलेली जनावरं सापडत होती. स्पायडर माकडं संशोधन केंद्राच्या इमारतीचं दार उघडायला शिकली आणि जेवणाच्या टेबलावरून खाणं पळवू लागली. चौफेर पाणी. दुसऱ्या जंगलात जायला वाटच नव्हती. मला हे वाचताना सारखं वाटत राहिलं, की शेतांनी किंवा रस्त्यांनी वेढलेला प्रत्येक राखीव तुकडा असंच एक बेट आहे, फक्त त्याच्याभोवती पाणी नाही इतकंच.

याच बेटावर कॅथरिन मिल्टन या संशोधिकेने हाऊलर आणि स्पायडर माकडांच्या पचनाची तुलना केली. खाल्लेलं अन्न स्पायडर माकडाच्या पोटातून साधारण 4 तासांत बाहेर पडतं. हाऊलरला 20 तास लागतात. हाऊलर पानं सावकाश पचवत एका जागी काढू शकतो. स्पायडर माकडाला पिकलेली फळं हवीतच, म्हणजे लांबवर फिरणंही आलंच. दोघांना एकाच मापाचं जंगल देऊन भागत नाही. आणि स्पायडर माकडाची मादी एका पिल्लानंतर दुसरं द्यायला तीनेक वर्षं घेते. एका वाईट हंगामात गेलेली माकडं भरून यायला त्यांना किती काळ लागेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

टंचाईत जगवतं कोण? पेरूमधल्या मानू राष्ट्रीय उद्यानात, कोचा काशू या ठिकाणी, जॉन टेरबॉर्घ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच शोधून काढलं. कोरड्या महिन्यांत बाकीची फळं संपतात, तेव्हा माकडांचा भार मोजक्या डझनभर जातींवर येतो. उंबराच्या कुळातली झाडं, काही ताड, आणि फुलांतला मध. उंबराच्या जातींचं वैशिष्ट्य हे, की सगळी झाडं एकाच वेळी पिकत नाहीत. कुठे ना कुठे एखादं लदलेलं असतंच. छोटी टॅमरिन माकडं वेलीच्या फुलांत तोंड घालून मध चाटतात. स्क्विरल माकडं उंबराच्या शोधात मैलोन्‌मैल भटकतात. तपकिरी कापुचिन मात्र ताडाखाली बसतं. टणक फळ दाढेत धरून फिरवतं, फांदीवर आपटतं, पुन्हा दाढेत धरतं, आणि कवच तडकलं की बोटाने गर कोरून काढतं. ज्या माकडाला जबड्याची एवढी ताकद नाही त्याला हे जेवण मिळत नाही, म्हणून त्याला दुसरीकडे जावं लागतं. अशा बारीकसारीक फरकांमुळेच तर इतक्या जाती एका जंगलात मावतात.

इमारती लाकडाच्या तक्त्यात उंबर कुठे असतो? नसतो. ताड नसतो. वेली तर तोडीच्या आधी मुद्दाम कापल्या जातात, झाड पडताना शेजारच्या झाडांना ओढू नये म्हणून. त्यामागचं कारण मला पटतं. पण त्याच वेली माकडांचं खाणं आहेत, त्यांची एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायची वाट आहेत, आणि रात्री दडून बसायची जागाही आहेत. तोडीच्या परवान्यात "बिनकामाची झाडं" असा शब्द येतो तिथे कृपया थांबा आणि ती कुणाच्या कामाची आहेत ते एकदा विचारा.

नकाशा सपाट असतो, हीदेखील त्याची मोठी अडचण आहे. पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात, एकाच हेक्टरात माकडं मजल्यांवर राहावीत तशी राहतात. डायाना माकडं वरच्या फांद्यांत. त्यांच्या खाली कॅम्पबेल माकडं. जमिनीवर सूटी मँगाबे, पडलेल्या टणक बिया दातांनी कुरतडत. ऑलिव्ह कोलोबस नावाचं छोटं, गुपचूप माकड खालच्या जाळीत राहतं आणि बहुतेक सगळा वेळ डायानांच्या टोळीच्या सोबतीने काढतं, कारण वर बसलेल्या डायानांना गरुड आधी दिसतो आणि त्यांची आरोळी सगळ्यांना ऐकू येते. आता निवडक तोडीत वरची मोठी झाडं काढली. तुम्ही म्हणाल, खालचं जंगल शाबूत आहे, कोलोबसचं काही बिघडलं नाही. पण त्याचे पहारेकरी निघून गेले. वरून काढलेल्या चित्रात खालचं काही दिसत नाही, आणि कागदावर तर उंची नसतेच. म्हणून थराथरांची पाहणी चालत चालत, मान वर करून, माणसांनीच करावी लागते.

जागेचं मापही प्रत्येकाचं वेगळं. पिग्मी मार्मोसेट हे जेमतेम सव्वाशे ग्रॅमचं माकड नदीकाठी अर्ध्या हेक्टरापेक्षाही कमी जागेत, काही ठराविक झाडांच्या सालीला भोकं पाडून डिंक खात कुटुंबासह राहतं. तेवढी झाडं तोडली की त्याचं जग संपलं. उलट गॅबनमधल्या लोपे उद्यानात मँड्रिल या मोठ्या, रंगीत तोंडाच्या माकडांचे कळप सरासरी सहाशेंचे असतात आणि एका कळपाच्या वावराचं क्षेत्र 180 चौरस किलोमीटरच्या आसपास निघालं, त्यातही निम्मा भाग गवताळ. जंगलाचे पट्टे आणि त्यांच्यामधली मोकळी जमीन, दोन्ही मिळून त्यांचा प्रदेश. एकच मोजपट्टी दोघांना लावली तर एकाचं घर तिच्यातून निसटतं आणि दुसऱ्याचं तिच्यात मावतच नाही.

मिठाचा मुद्दा तर माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. पानांत आणि फळांत सोडियम कमी असतं. इक्वेडोरच्या यासुनी भागात लाल हाऊलर आणि स्पायडर माकडं, जी एरवी जमिनीला पाय लावत नाहीत, ठराविक खारट मातीच्या जागी खाली उतरतात. तासन्‌तास वरून टेहळणी करतात, पाऊस नसलेला उजेडाचा दिवस निवडतात, एकेक फांदी खाली येतात, आणि पाचोळा वाजला तरी पुन्हा वर पळतात. युगांडातल्या किबाले जंगलात कोलोबस माकडं कुजलेलं लाकूड चावतात आणि पाणथळीतल्या वनस्पतींसाठी आपली नेहमीची झाडं सोडून जातात; तेही मिठासाठीच. अशी जागा काही मीटर लांबीरुंदीची असते. माझ्या नकाशाच्या एका ठिपक्यातही ती हरवते. रस्ता तिच्यावरून गेला तर कुणाला कळणारही नाही.

आता "निकृष्ट जंगल" या शब्दाकडे येते, कारण सगळ्यात जास्त जमीन याच शब्दामुळे हातची जाते. किबालेमध्ये 1960 च्या दशकाच्या शेवटी काही भागांत तोड झाली होती, कुठे कमी, कुठे जास्त. पुढे काही दशकं तिथल्या माकडांची मोजणी होत राहिली. काळीपांढरी कोलोबस माकडं तोड झालेल्या भागात चांगली टिकली. निळी माकडं आणि लालशेपटी माकडं मात्र जिथे जबर तोड झाली होती तिथे पंचवीस-तीस वर्षांनंतरही सावरली नव्हती. म्हणजे तोडलेलं जंगल म्हणजे मेलेलं जंगल असंही नाही, आणि "येईल पुन्हा भरून" असंही नाही. कोणती जात, किती तोड, यावर सगळं अवलंबून.

ब्राझीलच्या बाहिया राज्यात दक्षिणेकडे कोकोची झाडं जुन्या जंगलाच्या सावलीत लावायची पद्धत आहे. त्या बागांना काब्रुका म्हणतात. सोनेरी डोक्याची लायन टॅमरिन माकडं या बागांतून राहतात, विणीसुद्धा करतात. मोठ्या झाडांवर वाढणाऱ्या, अननसाच्या कुळातल्या ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यांत हात घालून किडे, बेडूक शोधतात, रात्री ढोलीत झोपतात. आणि तिथलं त्यांचं सगळ्यात लाडकं खाणं कोणतं, तर फणस, जो समुद्रापलीकडून नेऊन तिथे लावलेला. नकाशात ही जमीन "शेती" म्हणून रंगवली जाते. सावलीची झाडं काढून उन्हातला कोको लावला, तरी नकाशाचा रंग बदलत नाही, पण माकडांचं घर गेलेलं असतं.

एवढ्यावरून कुणी उलटा अर्थ काढू नये, म्हणून स्पष्ट लिहिते. बागेत माकडं दिसली म्हणून मूळ जंगल नसलं तरी चालेल, असं मी म्हणत नाही. स्पायडर आणि वुली माकडांसारख्यांना जुनं, उंच, सलग जंगलच लागतं आणि त्याला पर्याय नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की जुनं जंगल राखताना त्याच्या कडेचं वाढतं रान, दलदल, सावलीची बाग यांना फुकटची जमीन समजू नका.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. झाडावरून झाडावर जाणाऱ्या माकडाला वीस मीटरचा डांबरी पट्टा म्हणजे तुटलेला पूल. तामिळनाडूत अनामलाईच्या डोंगरांत वालपाराईजवळ, चहाच्या मळ्यांत उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांत राहणारी सिंहपुच्छ माकडं, जी मूळची शेंड्यांवरची, रस्ता ओलांडायला खाली उतरू लागली आणि गाड्यांखाली सापडू लागली. तिथे आता रस्त्यावर झाडांना बांधलेले टांगते पूल आहेत आणि माकडं ते वापरतात. रिओ दि जानेरो राज्यात बीआर-101 महामार्गावर सोनेरी लायन टॅमरिनसाठी 2020 मध्ये माती आणि झाडं असलेला आख्खा पूल बांधला गेला. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण दोन्ही नंतर केलेल्या. रस्ता आखतानाच दोन्ही बाजूंच्या फांद्या जिथे वर एकमेकींना भिडतात त्या जागा टिपून ठेवल्या आणि तेवढ्या ठिकाणी रस्ता अरुंद ठेवला, तर कितीतरी ठिकाणी दोराचीही गरज पडणार नाही.

खर्चाचा आणि वेळेचा प्रश्न तुम्ही काढाल, हे मला माहीत आहे. वर्षभराची पाहणी म्हणजे प्रकल्प वर्षभर लांबणार. पण जंगलाच्या काठाला राहणाऱ्या माणसांना विचारायला वर्ष लागत नाही. कोणत्या महिन्यात माकडं कुठून गायब होतात, कोणत्या दलदलीतून त्यांचा आवाज येतो, कोणतं उंबराचं झाड केव्हा पिकतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. पाहणीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर बसा, नकाशा त्यांच्यासमोर पसरा. वर्षभराच्या पाहणीला तो पर्याय होणार नाही, पण कुठे पाहायचं ते तरी कळेल.

आणि आमच्याकडून, नकाशे करणाऱ्यांकडून, एक बदल तुम्ही मागून घ्या. तुमच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक नकाशाच्या सूचीत, जिथे रंगांचे अर्थ लिहिलेले असतात तिथे, एक जास्तीचा रकाना मागा: "सगळ्यात वाईट महिन्यात माकडं कुठे असतात?" त्यात महिना लिहिलेला हवा, जागा दाखवलेली हवी आणि ती कुणी, किती दिवस पाहिली तेही हवं. तो रकाना कोरा असेल, तर ती हद्द पेन्सिलीतच राहू द्या आणि नकाशा आमच्याकडे परत पाठवा.

कळावे,

आपली,
एक नकाशाकार